चाबूक खुंटीला, हरभरे खिशात: घोड्याला गमतीचे खेळ कसे शिकवतात

ज्येष्ठ महिना आला की चिक्कोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे मानाचे अश्व आळंदीच्या वाटेला लागतात. पुढं वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व, पाठीवर स्वार नसताना, वारकऱ्यांच्या गर्दीतून दौडत जातो आणि त्याचे व्हिडिओ घरोघरच्या मोबाईलवर फिरतात. त्याआधी वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक होऊन गेलेली असते. लग्नसराईत तर हलगीच्या ठेक्यावर पाय उचलणारा घोडा निपाणीपासून अथणीपर्यंत कुठंही दिसतो.

रिंगणाच्या अश्वाची गोष्ट वेगळी. तिथं सेवा, देखभाल आणि गर्दीची सवय हाच मोठा भाग. पण वरातीपुढं पाय वाकवून नमस्कार करणारा, मान डोलावणारा घोडा पाहिला की ज्याच्या दारात घोडा आहे त्याच्या मनात येतंच: आपल्याला जमेल का हे? आणि मग गावातला कुणी जाणता सांगतो की पाय बांधावा लागतो, चाबूक दाखवावा लागतो. तसं करून घोडा वाकतो, यात खोटं नाही. पण पाय न बांधताही वाकतो. मूठभर हरभरे आणि टिक वाजणारं काहीतरी एवढ्या सामानावर भागतं. अवघड आहे ते माणसानं क्षण अचूक पकडणं.

घोड्याला नेमकं काय कळतं?

१८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेटीत ठेवून पाहिलं. धडपडता धडपडता मांजराकडून आतली कळ दाबली जायची, दार उघडायचं, बाहेर खाणं तयार. पुढच्या प्रत्येक खेपेला धडपड कमी होत गेली आणि कळ लवकर दाबली जाऊ लागली. ज्या कृतीपाठोपाठ चांगलं काही मिळतं ती कृती पुन्हा घडते. बी. एफ. स्किनर यांनी पुढं १९३० च्या दशकात हे काटेकोरपणे मांडलं. हवंसं काही देऊन कृती वाढवणं याला मानसशास्त्रात ‘धन प्रबलन’ म्हणतात. आपण बक्षीस पद्धत म्हणू.

यात एक मेख आहे. तुम्हाला काय शिकवायचं होतं ते घोडा शिकत नाही. चांगलं मिळालं त्या क्षणी तो स्वतः काय करत होता, ते शिकतो. या दोहोंत अंतर पडलं की भलतंच शिकून बसतो. टोप घेऊन चंदी (दाणा) द्यायला येणाऱ्या माणसासमोर घोडा खुरानं जमीन उकरतो, माणूस म्हणतो ‘देतो रे बाबा’, आणि टोप पुढं करतो. महिनाभरात घोडा पक्का उकरणारा झालेला असतो. त्याला कुणी शिकवलं नाही असं घरातल्या सगळ्यांना वाटतं.

दुसरी मेख बर्लिनच्या हान्सनं दाखवली. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा. १९०४ मध्ये चौकशी समिती बसली, तिला फसवणूक सापडली नाही. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी कोडं सोडवलं. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. विचारणारा खुराकडं बघायला नकळत किंचित वाकायचा आणि बरोबर आकडा आला की डोकं जरासं वर घ्यायचा. हान्सला तेवढं पुरत होतं. घोडा तुमचा शब्द ऐकतो त्याच्या कितीतरी आधी तुमचं अंग वाचतो. तुमचा हात खिशाकडं निघाला की त्याच्या लेखी गोष्ट तिथंच संपली.

दाब आणि बक्षीस यात फरक काय?

बागडोर ओढली, घोडा एक पाऊल पुढं आला, ओढ सैल केली. टाच लावली, चालू लागला, टाच काढली. हेही शिक्षणच, आणि टांग्याच्या घोड्यापासून शर्यतीच्या घोड्यापर्यंत सगळे यावरच तयार होतात. नकोशी गोष्ट थांबते म्हणून घोडा कृती करतो. यात क्रौर्य असलंच पाहिजे असं नाही. हलक्या हाताचा माणूस दोन बोटांच्या दाबावर घोडा वळवतो.

पण दाबानं शिकलेला घोडा दाब थांबेल इतकंच करतो. बक्षिसावर शिकणारा आणखी काय केलं तर मिळेल याचा शोध घेतो, आणि खेळ शिकवायला हीच वृत्ती लागते. ओठ उलटा करून ‘हस’ म्हणून कुणाला दाबता येत नाही. रस्त्यावर, ट्रकच्या हॉर्नपुढं घोडा धरायला दाबाची भाषा घोड्याला आलीच पाहिजे. फक्त एकाच खेळात दोन्ही कालवू नयेत. एका हातानं हरभरे पुढं करायचे आणि दुसऱ्या हातानं म्होरकीला हिसका द्यायचा, म्हणजे घोडा हरभऱ्यालाही बिचकायला लागतो.

टिक कशासाठी?

घोड्यानं योग्य कृती केली त्या सेकंदाला हरभरे त्याच्या तोंडात पोचवणं शक्य नसतं. खिशातून काढून देईपर्यंत त्यानं मान फिरवलेली असते, माशी उडवलेली असते. म्हणून मध्ये एक छोटा, तीक्ष्ण, नेहमी सारखाच आवाज घालतात. कृती घडली, टिक. मग सावकाश दोन-तीन सेकंदात बक्षीस.

उसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची पावती मिळते, पैसे मागाहून. टिक ही तशी पावती आहे: नेमकी कोणती गाडी मोजली गेली ते तिच्यावर लिहिलेलं असतं. फरक एवढाच की घोड्याचं बिल थकवून चालत नाही. पावती फाडली आणि पैसे दिले नाहीत असं चार वेळा झालं की त्या पावतीला कागदाचीही किंमत राहत नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. म्हणून टिक चुकून वाजली तरी बक्षीस द्यायचंच.

ही युक्ती स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रीलँड या जोडप्यानं १९४० च्या दशकात प्राण्यांच्या शिक्षणात रुळवली. आवाजासाठी महागडं काही नको. जत्रेत मिळणारा, दाबला की टिक वाजणारा पत्र्याचा बेडूक चालतो, बटणाचं बॉलपेनही चालतं. जिभेनं टाळूवर ‘टक्’ करणं मात्र आपल्याकडं टाळावं. टांगेवाले आणि घोडागाडीवाले त्याच आवाजानं घोडा हाकतात. पूर्वी गाडीला जुंपलेल्या घोड्याला तो आवाज म्हणजे ‘चल’, आणि तुम्हाला हवंय ‘शाबास’.

पहिला खेळ: तोंड बाजूला करणं

बहुतेक जण नमस्कारापासून सुरू करतात आणि आठवड्यात घोडा खिसे फाडायला लागतो. पहिला धडा असा हवा की खाणं समोर असताना तोंड सरळ किंवा पलीकडं ठेवलं तरच खाणं मिळतं. हे पक्कं होईपर्यंत दुसरं काही शिकवू नये. कंटाळवाणं वाटतं, पण बाकी सगळ्या खेळांचा पाया हाच आहे, आणि तो कच्चा असलेला घोडा खेळ शिकवण्याच्या लायकीचा नाही असंच मी म्हणेन.

घोडा कुंपणाच्या आत, तुम्ही बाहेर. मध्ये छातीएवढ्या उंचीची आडवी बांबूची काठी किंवा फाटक पुरे. म्होरकी असावी, पण घोडा खुंट्याला आखडून बांधलेला नसावा. कंटाळला तर मागं सरकता आलं पाहिजे. हरभऱ्याची पिशवी कमरेला, शक्यतो पाठीकडं. त्याच्या खांद्याच्या रेषेत, हातभर अंतर ठेवून उभं राहा आणि दोन्ही हात पोटाशी स्थिर धरा.

घोडा पिशवी हुंगेल, ओठानं सदरा ओढेल. ढकलू नका, ओरडू नका, बोलूही नका. एका पावलानं मागं व्हा. केव्हातरी तो तोंड क्षणभर समोर किंवा पलीकडं करतो. तोच क्षण: टिक. मग हात पिशवीत, मग मूठ सरळ लांब करून बक्षीस त्याच्या हनुवटीखाली, त्याच्या छातीच्या मधोमध रेषेवर द्या. तुमच्या अंगाजवळ दिलंत तर तो तुमच्या अंगाजवळ येणारच. टिक आधी आणि हात नंतर, हा क्रम मोडायचा नाही. हात आधी हलला की हान्ससारखाच तोही हाताकडं बघत बसेल आणि टिक त्याच्या कानावर पडूनही उपयोग नाही.

तळहात सपाट, अंगठा चिकटलेला. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. तिथं तो मिशांनी आणि ओठांनी चाचपतो. बोट मध्ये आलं तर दोष त्याचा नाही. (या मिशा शोभेसाठी कापायची पद्धत आहे, ती सोडून द्यावी.) घोडा अंड्या (खच्ची न केलेला) असेल किंवा हाताला दात लावायची खोड असेल, तर हातानं देऊच नका. कुंपणाशी एक उथळ घमेलं ठेवा आणि टिकनंतर बक्षीस त्यात टाका.

पाच मिनिटांत पंधरा-वीस वेळा हे होतं. बहुतेक घोडे दोन-तीन दिवसांत तोंड सरळ धरून उभे राहायला लागतात. मग एक सेकंदाऐवजी तीन, मग पाच सेकंद धरल्यावर टिक. तुम्ही पिशवीत हात घालून हलवलात तरी तोंड वळलं नाही, की पहिला खेळ आला.

काय द्यायचं आणि किती?

एका वेळी भिजवलेले आठ-दहा हरभरे, किंवा बोटाएवढा गाजराचा उभा काप, किंवा लसूण घासाची चिमूट. तीन-चार सेकंदांत चावून गिळून व्हावं. उसाचं वाडं घोडा आवडीनं खातो, पण चघळत बसतो आणि तोवर धडा निसटतो. गाजराच्या गोल चकत्या अन्ननलिकेत अडकतात, म्हणून उभेच काप. कच्चा बटाटा नको. गुऱ्हाळं सुरू झाली की लाडानं गुळाचा खडा पुढं केला जातो, तोही नको. गोड आणि पिष्ट जास्त झालं की खुरांच्या आत दाह होण्याचा धोका असतो, शिवाय गुळाची चटक लागलेला घोडा हरभऱ्याकडं ढुंकून बघत नाही आणि हाताला झोंबतो.

वीस बक्षिसांचे हरभरे शंभर ग्रॅमच्या आतच बसतात. तेवढे त्या दिवसाच्या चंदीतून वजा करायचे.

उपाशी घोडा लवकर शिकेल हा मोठा गैरसमज. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत झरत असतं. दिवसाचा बराच वेळ चरत राहायचं अशीच त्याची घडण आहे. रिकाम्या पोटी तो हावरट आणि चिडका होतो. आधी तासभर कडबा-गवत खाऊ द्या, मग शिकवा. अति खादाड घोड्याला हरभऱ्याऐवजी साधं चिरलेलं गवत द्या. कमी आवडीच्या बक्षिसावर त्याचं डोकं जास्त चालतं.

काठीचा पिवळा चेंडू

पुढचं अवजार म्हणजे तीन-साडेतीन फुटांची हलकी काठी आणि तिच्या टोकाला बसवलेला चेंडू किंवा प्लॅस्टिकची बाटली. रंग पिवळा किंवा निळा. घोड्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, गवतावर लाल चेंडू त्याला हरवतो. याला टार्गेट म्हणू.

टार्गेट नाकापासून चार बोटांवर धरा. कुतूहलानं तो नाक लावतो: टिक, बक्षीस, आणि टार्गेट लगेच पाठीमागं. पुन्हा पुढं. दहापैकी आठ वेळा लगेच नाक लावू लागला की जरा डावीकडं, जरा उजवीकडं, खाली, वर, मग एक पाऊल चालून. ‘दहात आठ’ हा हिशोब पुढं सगळीकडं वापरा: तेवढं जमलं की एक पायरी वर, सलग दोनदा फसलं की एक पायरी खाली. माणसं फसल्यावर तीच अवघड पायरी दहादा रेटतात. घोडा वैतागतो आणि निघून जातो, म्हणजे कुंपण नसेल तर जातो. बांधलेला असेल तर नुसता डोळे मिटून उभा राहतो आणि मालक म्हणतो आळशी आहे.

टार्गेट आलं की मान हलवण्याचे खेळ अर्धे झालेले असतात. ‘होय’साठी टार्गेट वर-खाली, ‘नाही’साठी डावी-उजवीकडं. ‘नाही’ शिकवायला गवताची काडी कानात घालून गुदगुल्या करण्याची एक जुनी युक्ती आहे. मान हलते खरी, पण नंतर घोडा कानाला हात लावू देत नाही आणि लगाम चढवताना रोजची मारामारी होते.

हसण्याचा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो. घोडा अनोळखी वास आला की वरचा ओठ उलटा करतो, ही त्याची उपजत सवय. वरच्या ओठाच्या मधोमध बोटानं हलकंसं खाजवलं की ओठ हलतो. हलला की टिक. आधी जरासा, मग अर्धा, मग दात दिसेपर्यंत. पण चावऱ्या घोड्याला तोंडाचा कोणताही खेळ शिकवू नये. ओठ वापरला की मिळतं हे त्याला आधीच पक्कं माहीत असतं.

नमस्कार: सगळ्यांना हवा असतो तो

यात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून इथं घाई चालत नाही. तीन वर्षांच्या आतल्या शिंगराला, गुडघे सुजलेल्या किंवा लंगडणाऱ्या घोड्याला हा खेळ नको. आधी दहा मिनिटं चालवून अंग मोकळं करावं. जागा मऊ हवी. अथणी-रायबागकडची काळी माती उन्हाळ्यात ढेकळांसारखी टणक होते, खानापूर-बेळगावकडच्या तांबड्या मुरमावर गुडघा सोलवटतो, आणि पावसाळ्यात दोन्हीकडं पाय घसरतो. टोपलीभर नव्हे, चांगली वीतभर वाळू किंवा लाकडाचा भुसा अंथरून घ्यावा.

खांद्याच्या बाजूला उभे राहा, समोर कधीच नाही. वाकलेला घोडा दचकला की डोकं झटक्यात वर घेतो आणि समोरच्याची हनुवटी फुटते. टार्गेट पुढच्या दोन पायांच्या मध्ये, आधी छातीशी धरा. नाक लागलं, टिक. मग गुडघ्याच्या उंचीला. मग गुडघ्याच्या खाली, आणि मग थोडं थोडं मागं, पोटाच्या दिशेनं. खाली आणि मागं जाता जाता घोड्याला अंगाचा भार मागच्या पायांवर न्यावाच लागतो. हा भार मागं सरकण्याचा क्षण नीट बघा: छाती किंचित खाली येते, मागच्या मांड्या ताठ होतात. टिक याची वाजवायची, नाकाची नाही. इथंच बहुतेकांची वेळ चुकते. नाक टेकल्यावर टिक वाजवत राहिलात तर घोडा नुसतं नाक खुपसायला शिकेल, भार तसाच पुढच्या पायांवर.

आठवड्या-दोन आठवड्यांत एखादा पाय आपसूक पुढं सरकतो आणि छाती खाली उतरते. हा झाला नमस्कार. काही घोडे पुढं स्वतःहून एक गुडघा टेकवतात, काही कधीच टेकवत नाहीत. छाती खाली घालून केलेला नमस्कारही देखणाच दिसतो, गुडघ्याचा हट्ट धरू नये. एका बैठकीत चार-पाचपेक्षा जास्त नाही.

टार्गेटऐवजी गाजर हातात धरून खाली नेणं सोपं वाटतं. पण मग घोडा गाजराचा पाठलाग करतो, स्वतःचं अंग कसं वाकवलं याकडं त्याचं लक्षच नसतं. गाजर नसलं की नमस्कारही नाही. आणि दोरानं पुढचा पाय उचलून बांधून ढकलणं म्हणजे गुडघे फुटायला आमंत्रण. एकदा पडलेला घोडा पुढं नाल ठोकायला पाय द्यायलाही घाबरतो.

टोपी उचलून देणं

हा खेळ तुकड्यातुकड्यांनी बांधतात. जुनी, जाड कापडी टोपी घ्या, बटण किंवा हूक नसलेली. हातात धरा: नाक लावलं, टिक. मग नुसत्या नाकाला टिक नाही. घोडा थोडा वेळ बुचकळ्यात पडतो आणि ओठ लावतो. ओठाला टिक. मग दातात धरल्यावर. मग हातातून जमिनीवर, जमिनीवरून उचलल्यावर, उचलून दोन सेकंद धरल्यावर, आणि शेवटी तुमच्या हातात दिल्यावर.

धरून ठेवणं हाच कठीण टप्पा. टिक वाजली की घोडा टोपी टाकतो, कारण टिक म्हणजे काम संपलं. ते बरोबरच आहे. टिक वाजायला अर्धा सेकंद उशीर करत करत धरण्याची वेळ वाढवायची. प्लॅस्टिकची पिशवी, बाटलीचं झाकण, दोरीचा तुकडा असलं काही उचलायला शिकवू नका, एखाद्या दिवशी गिळेल.

हुकमाचा शब्द कधी?

आधी शब्द शिकवला आणि मग कृती, असं होत नाही. घोडा कृती दहात आठ वेळा बिनचूक करायला लागला की मग ती करण्याच्या किंचित आधी शब्द उच्चारायचा. वीसेक खेपांनी शब्दाचा आणि कृतीचा सांधा जुळतो. त्यानंतर शब्द न देता केलेल्या नमस्काराला टिक नाही. हा नियम ढिला ठेवला तर घोडा माणूस दिसला की नमस्कार घालत सुटतो, पाठीवर पोर बसलेलं असताना सुद्धा.

आपल्याकडच्या घरात आजोबा मराठीत बोलतात, गडी कानडीत, पोरं दोन्हीत. एक ‘या’ म्हणतो, दुसरा ‘बा’. घोड्याला भाषेचं काही नाही, पण एका कृतीला एकच शब्द आणि सगळ्यांच्या तोंडी तोच हवा. हाताची खूण सोबत ठेवलीत तर घोडा ती आधी उचलेल.

‘खाऊ दिला की घोडा डोक्यावर बसतोय की ओ!’

ही तक्रार खोटी नाही. जाता-येता कुणीही, कधीही, काहीही तोंडात घातलं तर घोडा बिघडतोच. म्हणूनच टिकशिवाय हातून काही द्यायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगावं लागतं, पाहुण्यांना तर आधी. बैठक संपल्याची खूणही ठरवा: दोन्ही रिकामे तळहात दाखवायचे, समोर गवताची पेंढी टाकायची, आणि निघून जायचं. आता काही मिळणार नाही हे कळलं की घोडा मागं लागत नाही.

नियम लागू केल्यावर पहिले काही दिवस तो जास्तच ढकलेल, जमीन उकरेल, खिंकाळेल. आजवर जे चालत होतं ते एकाएकी चालेना, म्हणून जोर लावून बघतो. नेमक्या त्या वेळी ‘जाऊ दे’ म्हणून हरभरे दिलेत तर जास्त जोर लावला की मिळतं, हे शिकवलंत.

‘हरभरे संपले की ऐकणार आहे का?’

शिकताना प्रत्येक वेळी बक्षीस लागतं. पक्कं झालं की दोन-तीन खेळ मिळून एक टिक पुरते, आणि ती कधी पडेल याचा अंदाज घोड्याला येऊ न देणं चांगलं. मानेच्या मुळाशी, जिथं घोडे एकमेकांना खाजवतात, तिथं खरारा केला तरी तो बक्षीस मानतो. पण अजिबात काहीच न देता वर्षभर खेळ करत राहील ही अपेक्षा चुकीची. चाबकाचा धाकही अधूनमधून ताजा करावाच लागतो; त्याबद्दल कुणी ‘चाबूक संपला की ऐकेल का’ असं विचारत नाही.

चाबकानं काम लवकर होतं, हेही काही वेळा खरं. फक्त घोडा त्यातून चाबकापासून लांब कसं राहायचं एवढं शिकतो. मिरवणुकीत चाबूकवाला चार पावलं मागं राहिला, बाजूला फटाका फुटला, की घोड्याला धरून ठेवणारं काही उरत नाही.

वरातीत न्यायचं असेल तर

अंगणात बिनचूक नमस्कार करणारा घोडा बँजो आणि डीजेपुढं सगळं विसरतो. तो विसरलेला नसतो, घाबरलेला असतो, आणि घाबरलेला घोडा हरभरे तोंडात घेत नाही. ही खूण ओळखण्यासारखी: आवडीचं खाणं नाकारलं की धडा तिथंच थांबवा आणि आवाजापासून लांब न्या. टिकही त्या गोंगाटात ऐकू येत नाही.

सवय घरूनच लावावी. हलगी शंभर पावलांवर, हळू. घोडा कान फिरवून पुन्हा खायला लागला की टिक. मग ऐंशी पावलं. फटाके, झगमगते कागद, भंडारा उधळणं, मोबाईलचे फ्लॅश: प्रत्येक गोष्ट वेगळी, एकेक करून. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेसारख्या गर्दीत पहिल्यांदाच घोडा नेऊन ‘बघू काय करतोय’ म्हणणं हा माणसांच्याही जिवाशी खेळ आहे.

आणि काही खेळ शिकवूच नयेत. मागच्या दोन पायांवर उभं राहणं फोटोत रुबाबदार दिसतं, शिवजयंतीच्या दिवसांत त्याची फर्माईशही होते. पण घोड्याला हे खेळ स्वतःहून करायला आवडू लागतात, आणि ज्या खेळात तीनशे-चारशे किलोचं अंग माणसाच्या डोक्यावर येतं तो त्यानं मनाला येईल तेव्हा केला तर काय, याचा विचार आधी करायचा. पुढचा पाय झटकून ‘शेकहँड’ करणंही तसंच. समोर पोर उभं असेल तर खूर त्याच्या छातीला लागतो. त्याऐवजी फळीवर पाय ठेवणं शिकवा: मीटरभर लांब-रुंद, वीतभर उंच, दोन इंची जाड लाकडाची, वर काथ्याची चटई ठोकलेली. दोन्ही पुढचे पाय ठेवून मान उंच धरलेला घोडा त्याच रुबाबात दिसतो.

तिकीट लावून लोकांपुढं खेळ करायचे असतील तर मामला घरगुती राहत नाही. प्राण्यांना क्रूर वागणुकीपासून वाचवणारा १९६० चा केंद्रीय कायदा आणि २००१ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची आणि तो शिकवणाऱ्याची आधी नोंदणी लागते, ती भारतीय पशू कल्याण मंडळाकडं होते. मारहाण किंवा वेदना होतील असं वागवणं मात्र तिकीट असो वा नसो, त्याच कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि त्यात मारणाऱ्यासोबत ते होऊ देणारा मालकही येतो.